पलीकडचं टेबल

विनोदला जाऊन एकवीस दिवस झाले, तरी शेषराव पडघानांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. गावानं ते पाहिलं होतं. अकोल्याहून गाडी आली तेव्हा, अग्नी दिला तेव्हा, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भंतेजींनी नाव घेतलं तेव्हा, दर वेळी लोकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान वळवली. त्यांची बायको चंपाबाई रोज सकाळी चुलीपुढं बसून रडायची. एकदा तिनं विचारलंही, की तुमच्या आत काही उरलं आहे की सगळं लाकूडच झालं. शेषरावांनी विचार करून पाहिला. त्यांनाही नीट सांगता येईना. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तसं काहीसं होतं. हात लावला तर गाल जागच्या जागी असतो, पण आपला वाटत नाही.

जऊळक्याला स्टेशनकडून गावात येताना डाव्या अंगाला टिनाची एक लांब शेड लागते. ती शेषराव मिस्त्रींची. त्यांचे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते. जन्मभर दुसऱ्याचं औत, दुसऱ्याचे बैल. पोराच्या हातात हत्यार असावं आणि ते त्याचं स्वतःचं असावं, एवढी एकच गोष्ट त्यांनी धरून ठेवली आणि शेषरावांना वाशिमच्या आयटीआयमध्ये सुतारकामाला घातलं. तिथून बाहेर पडल्यावर नोकरी काही लागली नाही, पण हात चांगला बसला होता. पुढची पस्तीस वर्षं आजूबाजूच्या गावांत ज्या चौकटी बसल्या, जे पलंग, देव्हारे, शाळेचे बाक झाले, त्यांत बरेचसे या हातानं रंदलेले. उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी धरला तेव्हा ते साठीचे होते. हात खांद्याच्या वर जाईना. तोवर विनोद शेडचा कारभार पाहू लागला होता.

विनोद त्यांचा एकुलता एक मुलगा. छत्तीस वर्षांचा, बोलका, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा. भादव्यात त्याला कावीळ झाली. आधी गावातल्या गावात औषध केलं, मग मालेगाव, मग अकोला. अकराव्या दिवशी संपलं. मागं बायको रत्नमाला, पाचवीतली मुलगी स्नेहा, आणि शेडच्या मधोमध एक रंदा मशीन.

ते मशीन विनोदनं चार वर्षांपूर्वी अकोल्याहून जुनं आणलं होतं. दिसायला लांब लोखंडी बाकासारखं. मधोमध आडवी फट आणि फटीत गरगर फिरणारा रूळ. रुळावर तीन पाती. फटीच्या अलीकडे एक टेबल, पलीकडे एक. अलीकडच्या टेबलावरून फळी पुढं ढकलायची, पाती तिच्या कडेचा पापुद्रा सोलतात, आणि सोलून सरळ झालेली कड पलीकडच्या टेबलावर टेकत पुढं सरकते. अलीकडचं टेबल पात्यांपेक्षा जरासं खाली, पलीकडचं पात्यांच्या अगदी बरोबरीला. सगळी खुबी एवढ्यातच. अलीकडचं टेबल रोजच खालीवर करावं लागतं, पण पलीकडच्या चाकाला हात लावायचा नाही, असं विकणाऱ्यानं विनोदला बजावून सांगितलं होतं आणि विनोदनं कधी लावला नव्हता.

शेषरावांना ते मशीन पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. त्याचा आवाज आवडला नाही, आणि हाताला तासभर लागणारी कड ते दोन मिनिटांत देतं हेही आवडलं नाही. मशीन ते मशीनच, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. विनोद हसून सोडून द्यायचा. बापलेकांत भांडण असं नव्हतं, पण मशीन चालू झालं की शेषराव उठून बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसत.

या वैशाखात एका दुपारी विनोद मालेगावला गेलेला असताना शेषराव एकटेच शेडमध्ये होते. विहारातल्या एका बाकाची फळी उकलली होती. तेवढी एक कड सरळ केली की काम होणार होतं. खांद्यामुळे हातानं होईना. मग त्यांनी मनाशी म्हटलं, पोरगं करतं ते आपल्याला काय येत नाही? त्यांनी मशीनचा खटका ढिला केला आणि चाक फिरवलं. चाक चुकीचं होतं. पलीकडचं टेबल उतारावरून घसरल्यासारखं खाली गेलं. ते चपापले. उलटं फिरवून डोळ्याच्या अंदाजानं जागेवर आणलं, खटका आवळला, फळी तशीच ठेवली आणि बाहेर जाऊन बसले. विनोद आल्यावर सांगायचं होतं. पण पोराला विचारायचं टाळण्यासाठी जे केलं, ते पोराला कसं सांगणार? त्या दिवशी राहिलं आणि मग राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवसापासून विनोदच्या प्रत्येक फळीला शेवटच्या टोकाशी दोन बोटं रुंद खड्डा पडू लागला. फळीची शेपूट अलीकडच्या टेबलावरून सुटली, की खालच्या पात्यांवर आदळून खरवडली जायची. पहिला खड्डा पाहिला तेव्हाच शेषरावांना कळलं. विनोदनं पाती धार करून आणली. बेअरिंग बदलले. अकोल्याहून एक कारागीर आला, त्यानं मोटर पाहिली, पट्टा पाहिला आणि गेला. जेठ गेला, आखाड गेला. विनोद फळ्या चार बोटं जास्त लांब घ्यायचा आणि शेवटी तेवढा तुकडा कापून टाकायचा. शेषराव पाहत राहिले. एकदा तर ते म्हणालेसुद्धा, की मशीन ते मशीनच.

मग भादवा आला.

एकविसाव्या दिवशी सकाळी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून मोहनसिंग आणि त्याची बायको ललिताबाई मोटरसायकलवर आले. विनोदनं मोहनसिंगच्या सोयऱ्याच्या खिडक्या केल्या होत्या, त्या पाहून मोहनसिंगनं आपल्या नव्या घराच्या दरवाज्यांचं काम त्याला दिलं होतं. लाकूड त्याचंच, बांधावरच्या जुन्या लिंबाचं. आरा मशीनवर फळ्या पाडून, दोन वर्षं सावलीत वाळवून त्यानं उन्हाळ्यात आणून टाकल्या होत्या. चौकटी विनोदनं जाऊन बसवल्या होत्या, त्यांत बसायचे दारांचे पल्ले राहिले होते. विनोद गेल्याचं मोहनसिंगला स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर कळलं. तो आत येऊन बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि दरवाज्याचा विषयही न काढता दहा मिनिटांनी उठला. उठताना मात्र त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या आपल्या फळ्यांकडे गेली.

शेषरावांनी विचारलं, तुमचा ट्रक कधी येतो. तांड्यावरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात हे त्यांना ठाऊक होतं.

"दिवाळीच्या चवथ्या दिवशी," मोहनसिंग म्हणाला.

"अन् घराचं?"

"पत्रा ठोकून जाईन. काय न्याचं हाये कोनाले आमच्या घरातून."

ललिताबाई दाराशी उभी होती. ती नवऱ्याकडे न पाहताच बोलली. पंधरा वर्षं कुडाच्या झोपडीत काढली, दर वर्षी परत आलं की आत कुत्री व्यालेली असायची आणि कोठीतलं धान्य सांडलेलं असायचं. यंदा पहिल्यांदा विटांचं घर झालं, तर कुलूप लावून जावं, एवढंच मनात होतं. तिनं हे तक्रारीसारखं सांगितलं नाही. असं असं आहे, म्हणून सांगितलं.

"पल्ले भेटतीन तुमाले," शेषराव म्हणाले.

आपण असं का म्हणालो, हे त्यांना नंतर आठवेना. शब्द तोंडातून निघाला, मोहनसिंगनं मान डोलावली, मोटरसायकल निघून गेली. मग त्यांनी मोजलं. पुढच्या दाराचे दोन पल्ले, मागच्याचा एक. बारा फळ्या, चोवीस कडा. कडा आरशासारख्या सरळ नसतील, तर फळीला फळी बसत नाही आणि दारात बोट जाईल एवढ्या भेगा राहतात. त्यांनी भिंतीवरचा हातरंदा काढला, एक फळी शिकंज्यात धरली आणि तीन हात मारले. चौथ्याला खांदा जागीच अडला. दुखला असता तर बरं वाटलं असतं, पण तोही नुसता अडला.

रंदा खाली ठेवून ते मशीनपुढं जाऊन उभे राहिले.

रत्नमाला चहा घेऊन आली तेव्हा ते मशीनवरचा भुसा झाडत होते. रत्नमाला मूळची रिठदची, बारावी शिकलेली. विनोदबरोबर शेडमध्ये तिची बरीच ऊठबस असायची; लांब फळीचं दुसरं टोक धरायला तीच लागायची. तिनं चहा ठेवला, भिंतीजवळ जाऊन मशीनचा प्लग काढला आणि परत येऊन म्हणाली, "मामाजी, साफ करतानी पिलक काढून ठेवा लागते. थे काढतच होते."

तिच्याही डोळ्यांना आता पाणी नसे. सुरुवातीला होतं, मग आटलं. दोघांनी मिळून टेबलं रॉकेलनं पुसली. पावसाळ्यानं त्यांच्यावर तांबूस बुरशीसारखा गंज चढला होता, तो बारीक पॉलिश पेपरनं घासून काढला. दुपार त्यातच गेली. चंपाबाई एकदा दारापर्यंत येऊन पाहून गेली.

दुसऱ्या दिवशी शेषरावांनी गवंड्याकडून अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी मागून आणली. ती सरळ आहे की नाही हे त्यांनी आधी तपासलं. पट्टी फळीवर ठेवून कडेनं पेन्सिलची रेघ मारली, मग पट्टी उलटी करून त्याच रेघेवर दुसरी मारली. दोन रेघांची एकच झाली. पट्टी खरी होती. आयटीआयमध्ये हे पहिल्या महिन्यात शिकवतात, आणि चाळीस वर्षांत ते विसरले नव्हते. मग ती पट्टी त्यांनी पलीकडच्या टेबलावर अशी ठेवली, की तिचं टोक रुळाच्या वर येईल, आणि रत्नमालाला रूळ हातानं हळूच फिरवायला सांगितलं. पातं वर आलं. टेबल बरोबर असतं, तर पात्याच्या टोकानं पट्टीला नुसता स्पर्श केला असता. पण पातं पट्टीला वर उचलून फिरून गेलं आणि पट्टी टकदिशी टेबलावर आपटली. उचललेल्या पट्टीखाली घडी घातलेली लग्नपत्रिका गेली असती.

हे असंच निघणार, हे त्यांना वैशाखापासून माहीत होतं. आता समोर दिसलं, तरी छातीत काही हललं नाही. ते त्या फटीकडे नुसते पाहत राहिले.

"हे टेबल खाली हाये का?" रत्नमालानं विचारलं.

त्यांनी पट्टी उचलून बाकावर ठेवली. टेबल वर किती घ्यायचं, आणि आधी पाती एका उंचीची आहेत की नाही हे कसं पाहायचं, हे त्यांना येत नव्हतं. हातरंद्याला एकच पातं असतं. ते त्यांनी सांगितल्यावर रत्नमाला घरात गेली आणि विनोदचा मोबाइल घेऊन आली. गिऱ्हाइकांचे फोन येतात म्हणून ती तो रोज चार्ज करत असे. विनोद यूट्यूबवर मशीनचे व्हिडिओ पाहायचा, त्यांतलं काही सापडेल, असं ती म्हणाली. मोबाइल उघडायचा पॅटर्न तिला माहीत होता.

शेषराव तिच्या शेजारी स्टुलावर बसले. पाहिलेल्या व्हिडिओंची यादी उघडली. एकाखाली एक, हिंदीतले. पाती घासण्याचा. बेअरिंग बसवण्याचा. परत पाती घासण्याचा. आणि मग एक, 'लकड़ी के आख़िर में गड्ढा क्यों पड़ता है.' त्याच्याखालची लाल रेघ एक तृतीयांशावर येऊन थांबली होती. विनोदनं तो तेवढाच पाहिला होता. रत्नमालानं तारीख आठवून पाहिली. त्याच दिवशी त्याला पहिल्यांदा ताप भरला होता, म्हणाली.

तिनं बोट पुढं केलं.

"थांब," शेषराव म्हणाले. "थे टेबल मी फिरवलं."

तिचं बोट तसंच राहिलं.

"कधी?"

"वैशाखात. बुद्धपौर्णिमेच्या पहिले. विनोद मालेगावले गेलता. विहाराची फळी सरळ कराची होती. चाक चुकलं. मी वापस आनलं, पन डोळ्याच्या मापानं. दुसऱ्याच दिवशी मले समजलं. सांगतलं नाई."

बाहेर मालगाडी जात होती, तिचे डबे संपेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. मग तिनं मोबाइल मांडीवर उलटा ठेवला.

"थे मले रोज म्हनत," ती म्हणाली, "माह्या हातातच खोट हाये, रत्ना. बाबाचा हात मले आलाच नाई."

आवाज चढला नाही, कापला नाही. ती उठली आणि घरात गेली. शेषराव बसून राहिले. आता काहीतरी होईल असं त्यांना वाटत होतं. ते वाट पाहत राहिले. बाकावरच्या पट्टीवर ऊन आलं, मग पुढं सरकलं. काही झालं नाही. फक्त तोंड कोरडं पडलं होतं, म्हणून त्यांनी माठातलं पाणी पिऊन घेतलं.

अर्ध्या-पाऊण तासानं रत्नमाला परत आली. तोंड धुतलेलं होतं. तिनं मोबाइल उचलला, व्हिडिओ जिथं थांबला होता तिथून चालू केला आणि मशीनवर टेकवून ठेवला. बरेलीकडचा कोणी सरदारजी मिस्त्री शांतपणे सांगत होता, पीछे वाला टेबल ब्लेड से नीचे है तो गड्ढा पड़ेगा ही पड़ेगा. तो पुढं सगळं सविस्तर सांगत गेला आणि दोघं ऐकत गेले. रत्नमाला मधे मधे व्हिडिओ थांबवायची आणि शेषराव तेवढं करायचे.

आधी पलीकडचं टेबल अंदाजानं पात्यांच्या जवळपास वर आणायचं. मग एक सरळ लाकडी काठी त्याच्यावर ठेवायची, टेबलाच्या कडेपाशी तिच्यावर खूण करायची, आणि रूळ हातानं फिरवायचा. पातं काठीला जरासं पुढं ओढून नेतं. मग परत कडेपाशी दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर तीन मिलिमीटर हवं, प्रत्येक पात्याला तेवढंच, उजव्या टोकाला तेवढंच आणि डाव्या टोकाला तेवढंच. पहिलं पातं ठीक निघालं. दुसरंही. तिसरं एका टोकाला सात मिलिमीटर ओढत होतं, म्हणजे ते तिकडून वर आलेलं होतं. शेषरावांनी त्याचे बोल्ट ढिले केले, लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकून ते खाली बसवलं, बोल्ट आवळले आणि परत काठी ठेवली. आवळताना पातं परत उचललं गेलं होतं. परत ढिलं. असं पाच वेळा झालं. घाई वाटत नव्हती, कंटाळा येत नव्हता. हात आपोआप चालत होते आणि शेषराव त्यांच्याकडे दुसऱ्याचे हात पाहावेत तसे पाहत होते.

मग पलीकडचं टेबल आणखी जरासं वर घेतलं. गेलेली लाइट आली तेव्हा रत्नमालानं रद्दी फळीचा तुकडा घेतला आणि शेषरावांकडे धरला. त्यांनी मान हलवली. "तूच ढकल," ते म्हणाले. "माहा खांदा मधातच अडकन."

तिनं विनोदला हजार वेळा पाहिलेलं होतं. फळी पुढं गेली, पात्यांवरून आली आणि पलीकडच्या टेबलाच्या ओठाला अडकून थांबली. टेबल केसभर जास्त वर झालं होतं. प्लग काढून शेषरावांनी चाक बोटभर मागं घेतलं. दुसऱ्या वेळी फळी आरपार गेली. तिचं शेवटचं टोक त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. खड्डा नव्हता.

पण दोन फळ्या कडेला कड लावून उजेडात धरल्या, तर एका बाजूनं उजेडाची बारीक रेघ दिसत होती. फळी ज्या उभ्या लोखंडी भिंतीला टेकवून ढकलतात, ती गुण्यात, म्हणजे टेबलाशी काटकोनात, नव्हती. शेषरावांनी आपला जुना गुण्या काढला, टेबलावर ठेवला, भिंतीला लावला, आणि फट बुजेपर्यंत तिला सरळ केलं. एवढं एक काम त्यांना कुणाकडून शिकावं लागलं नाही. परत दोन फळ्या ढकलल्या, परत दारात जाऊन उजेडात धरल्या. उजेड आला नाही. रत्नमालानं मागच्या बाजूनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, नाही दिसत.

"जमलं," शेषराव म्हणाले.

कुणी हसलं नाही. चंपाबाई दाराशी उभी होती. तिनं विचारलं, काय जमलं. रत्नमालानं तिला दोन फळ्या दाखवल्या. चंपाबाईनं सांध्यावरून बोट फिरवलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

बारा फळ्यांच्या चोवीस कडा तीन दिवसांत झाल्या. लाइट जायची तेवढाच खोळंबा. लिंबाचं लाकूड ताजं सोललं की कडवट वास सुटतो, तो शेडभर पसरला होता. फळ्या जोडणं, मागून आडव्या पट्ट्या मारणं, बिजागऱ्यांच्या खाचा हे शेषरावांनी खाली बसून केलं. बसून केलेल्या कामाला खांदा अडवत नसे. मशीनवरचं सगळं रत्नमालानं केलं. त्या गोष्टीबद्दल दोघं पुन्हा एका शब्दानं बोलले नाहीत. ती त्यांना पूर्वीसारखंच वाढायची, मामाजी म्हणायची. तिनं माफ केलं की नाही, हे शेषरावांना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. तिनं ते चंपाबाईला सांगितलं नव्हतं, एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं होतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोत पल्ले घालून ते दोघं तांड्यावर गेले. निम्म्या घरांपुढं गाठोडी बांधलेली होती. कोयत्यांना धार लावून ते पोत्यात गुंडाळून ठेवले होते, बकऱ्या कुणाकडे ठेवायच्या याची बोलणी चालली होती. मोहनसिंगनं एका बाजूनं पल्ला धरला, रत्नमालानं दुसऱ्या. शेषराव खाली बसून बिजागऱ्यांचे स्क्रू आवळत गेले. दोन पल्ले समोरासमोर आले आणि मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी निघाली. मोहनसिंग दार उघडून बाहेर गेला, बंद करून आत आला, परत बाहेर गेला. मागचं दार बसवायला तो आणि रत्नमाला आतून गेले.

शेषराव पुढच्या ओट्यावर बसले होते. ललिताबाई समोर पोत्यात भांडी भरत होती. भरता भरता तिनं विचारलं, "तुमचं पोरगं कायनं गेलं?"

आजवर सगळ्यांनी त्यांना कसं आहे, धीर धरा, असं म्हटलं होतं. हे कुणी असं विचारलं नव्हतं. शेषरावांनी सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ताप होता. दुसऱ्या दिवशी त्यानं भाकर परत केली. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. चौथ्या दिवशी मालेगाव. असं एकेका दिवसाचं सांगत ते अकराव्या दिवसापर्यंत आले. मग थोडे मागं गेले आणि वैशाखातलं चाकाचंही सांगितलं. आवाज सपाट होता, जसं काही ते कुणाचा तरी लिहिलेला कागद वाचून दाखवत होते. ललिताबाईनं अगबाई म्हटलं नाही, हात थांबवला नाही. एक ताट, एक पातेलं, त्यात वाट्या, असं भरत ती ऐकत राहिली. त्यांचं संपल्यावर तिनं पोत्याचं तोंड बांधलं.

"आमचा मोठा पोरगा, बादल," ती म्हणाली, "कारखान्यावर गेला. आठ वर्साचा होता. उसाच्या गाडीखाली. मी पुढच्या हप्त्यात कामावर होती."

"मंग?"

"मंग काई नाई. त्या साली मी किती ऊस तोडला, मले याद नाई. दुसऱ्या साली थोडं थोडं याद हाये."

शेषरावांनी मान हलवली. ती आत गेली आणि त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली.

परतताना टेम्पोत रत्नमाला मधे बसली होती. कारंजा फाटा आला. मग ती म्हणाली की विनोदच्या मोबाइलवर एका शाळेतून बाकांसाठी फोन आला होता आणि तिनं हो म्हटलं आहे. मशीन ती चालवणार. लोक काही म्हणतील ते म्हणोत. हे बोलताना ती समोरच्या रस्त्याकडे पाहत होती. शेषरावांनी तिच्या पदराकडे पाहिलं.

"साडी घालून नाई चालत," ते म्हणाले. "पदर रुळात गेला तर मानूस ओढून नेते. पंजाबी ड्रेस घाल. बाह्या कोपराच्या वर. अन् ओढनी घराले ठेव."

रत्नमालानं त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि या घरात तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर आणायलाही पाच वर्षं घेतली होती.

"आत्याबाई काय म्हनतीन?"

"मी सांगतो तिले."

त्यांनी संध्याकाळी जेवताना सांगितलं. चंपाबाईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. शुक्रवारी मात्र ती एकटीच मालेगावच्या बाजारात गेली आणि निळ्या सुती कापडाचे दोन ड्रेस शिवायला टाकून आली. शिंप्याला तिनं बाह्यांचं माप स्वतःच्या दंडावर बोट ठेवून दाखवलं.

ड्रेस शिवून आले आणि सोमवारी सकाळी शेडमधून मशीनचा आवाज सुरू झाला. शेषराव सवयीनं उठले, लिंबापर्यंत गेले, आणि मग परत आत येऊन स्टुलावर बसले.